नवी गणनभाषा का रुजत नाही?

भाषा गुणांवर तरते की आश्रयावर, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. संगणकाच्या व्यवहारातही तो आज उभा राहिला असून, 'जूलिया' ह्या भाषेचे उदाहरण त्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या नियमबद्ध भाषेत लिहितात, तिला आम्ही येथे गणनभाषा म्हणतो. शास्त्रज्ञांची जुनी अडचण अशी की, जी भाषा लिहावयास सोपी तिची गती मंद आणि जिची गती शीघ्र ती लिहावयास क्लिष्ट. म्हणून एकच काम आधी पायथनसारख्या सुलभ भाषेत मांडावयाचे व पुढे वेगासाठी सी अथवा फोर्ट्रानमध्ये पुन्हा लिहावयाचे, असा दुहेरी खटाटोप करावा लागे. तो टाळण्यासाठी जेफ बेझॅन्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा व ॲलन एडेलमन ह्या चौघांनी 2009 साली जूलियाची रचना आरंभिली. 2012 साली ती लोकांपुढे आली. 2018 साली तिची 1.0 ही आवृत्ती निघाली. ती सुलभ आहे, वेगवान आहे, शिवाय विनामूल्यही आहे. तरी पायथनची जागा तिला घेता आलेली नाही.

पहिले कारण तिच्या अंगचेच आहे. लिहिलेला भाग प्रथम चालविताना जूलिया त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करीत बसते. पुढील काम झपाट्याने होते. परंतु आरंभीच्या खोळंब्याने नवशिक्याचा उत्साह मावळतो. 2023 च्या 1.9 ह्या आवृत्तीत हा दोष पुष्कळ कमी झाला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पायथन 1991 पासून प्रचारात आहे. 2006 साली तिला 'नमपाय' हा गणिती संग्रह लाभला. अशा संग्रहांतील अवजड आकडेमोड आतल्या आत सी व फोर्ट्रानच करतात. म्हणून जूलिया जे वैगुण्य दूर करू पाहते, ते पायथनच्या सामान्य उपासकाला फारसे जाणवतच नाही. त्यातच केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या वर्गांत पायथनच शिकवितात. शिक्षक तिचे, पुस्तके तिची, नोकऱ्याही बहुतेक तिच्याच.

तिसरे कारण संचिताचे. फोर्ट्रान 1957 ची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत 2018 साली 'प्रत्यूष' हा महासंगणक आला. पण मोसमी पावसाचे तेथील अंदाज ज्या प्रतिमानांवर बेतलेले आहेत, ती मुख्यतः फोर्ट्रानमध्येच लिहिलेली आहेत. कमठाण्याचा शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून मूग-उडीद पेरतो, त्याचे गणित नव्या भाषेत उतरवायचे तर प्रत्येक पायरी वर्षानुवर्षांच्या नोंदींशी ताडून पाहावी लागेल. जेथे आरंभच नव्याने होतो, तेथे मात्र वाट मोकळी असते. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने रचले जात असलेले नवे हवामान-प्रतिमान जूलियातच आहे.

आमच्या भागाला ह्याचा एक जुना दाखला आहे. बिदर निजामी राज्यात असताना, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून शास्त्रे शिकविली. त्यासाठी अनुवाद-विभाग 1917 सालीच उघडला होता; आधी ग्रंथ, मग वर्ग. 1948 नंतर राजाश्रय गेला आणि माध्यम इंग्रजी झाले. ग्रंथ, शिक्षक आणि आश्रय ह्यांपैकी एकही उणे पडून चालत नाही, हे त्यावरून दिसते.

सीमाभागातील मराठी शाळांनी हे ध्यानी घ्यावे. मराठीच्या थोरवीची व्याख्याने आपण पुष्कळ दिली. परंतु विज्ञानाचे वाचनीय मराठी पुस्तक आणि ते रसाळपणे शिकविणारा शिक्षक मुलांना मिळाल्यावाचून ती थोरवी त्यांच्या उपयोगी पडणार नाही.