शिफारशीचं वजन

१९०६ ते १९३२ या काळात ग्रोटन नावाच्या निवासी शाळेतल्या ४०५ मुलांनी हार्वर्डला अर्ज केले आणि त्यांतल्या ४०२ जणांना प्रवेश मिळाला. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रवेशपद्धतीचा इतिहास जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञांनी २००५ साली पुस्तकरूपाने मांडला, त्यात हा आकडा येतो. तो वाचल्यापासून माझं कुतूहल अडकलंय ते उरलेल्या तिघांत. त्या पोरांनी नेमकं काय केलं असेल?

ग्रोटन मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. एंडिकॉट पीबॉडी या धर्मोपदेशकांनी १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवर ही शाळा काढली आणि १९४० पर्यंत तेच मुख्याध्यापक राहिले. बड्या घरांतली मुलं इथे एवढ्याशा जागेत झोपत आणि सकाळी गार पाण्याने अंघोळ करत. फ्रँकलिन रूझवेल्ट १९०० साली इथूनच हार्वर्डला गेले. अँडोव्हर (१७७८) आणि एक्सेटर (१७८१) या अशाच निवासी शाळा तर अमेरिकेच्या राज्यघटनेहूनही जुन्या आहेत.

शाळेतून विद्यापीठात जायला तेव्हा लागणारी मदत साधी होती. हार्वर्डची परीक्षा असे आणि ती पास होणाऱ्याला प्रवेश मिळे. जागांची मर्यादा नव्हती. मात्र परीक्षेला लॅटिन लागे आणि ते नीट शिकवणाऱ्या सरकारी शाळा थोड्या होत्या. निवासी शाळा नेमकं तेच घोटून घेत. एखाद्या विषयात मुलगा गचकलाच तर विद्यापीठ त्याला अटीवर घेई, तो विषय मागाहून सोडवायचा. म्हणजे आपल्याकडच्या एटीकेटीला फार जुने आणि फार प्रतिष्ठित पूर्वज आहेत.

बिघाड झाला तो परीक्षेने आपलं काम चोख केलं म्हणून. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलं सरकारी शाळांत शिकून ही परीक्षा धडाधड पास होऊ लागली. १९२२ पर्यंत हार्वर्डच्या पहिल्या वर्षात ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाहून जास्त झाले. अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचा घाट घातला. प्राध्यापकांच्या समितीने तो हाणून पाडला. मग १९२६ मध्ये आडवाट निघाली. जागा हजारावर आणल्या आणि निवडीत गुणांबरोबर ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ बघायचं ठरलं. अर्जासोबत फोटो आला, मुलाखत आली आणि मुलाला ओळखणाऱ्या माणसाच्या पत्राला वजन आलं.

आज अमेरिकी प्रवेशाचं कौतुक करताना आपण म्हणतो, बघा, ते नुसते मार्क बघत नाहीत, अख्खा माणूस बघतात. अख्खा माणूस बघायची ही रीत काही माणसं बाहेर ठेवण्यासाठी सुरू झाली, हे त्या कौतुकात येत नाही. पुढे तिचा चांगला उपयोगही झाला, ते वेगळं. पण पत्राला वजन आलं की पत्र लिहिणाऱ्यालाही येतं, आणि निवासी शाळांकडे असा माणूस आधीपासून होता. मुलगा जेवतो कसा, हरल्यावर वागतो कसा, रात्री दिवे मालवल्यावर कोणाच्या खोलीत सापडतो, हे सगळं ठाऊक असलेले मास्तर तिथे त्याच आवारात राहत.

पुढची चाळीस वर्षं या माणसाची चलती होती. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे अधिकारी निवडक शाळांत येत, मुख्याध्यापकांशी बोलत आणि मुलांना ए, बी, सी अशा श्रेणी देऊन जात. ए म्हणजे जवळजवळ नक्की, सी म्हणजे दुसरीकडे बघा. बाकी देशातली मुलं टपालाची वाट बघत असताना या शाळांना निकालाचा अंदाज आलेला असे.

हा संसार उधळला येलमध्ये. अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर यांनी १९६५ मध्ये इन्स्ली क्लार्क या तरुणाकडे प्रवेशाचं खातं दिलं. क्लार्क स्वतः सरकारी शाळेत शिकलेले. त्यांनी आपली माणसं कधीच न फिरकलेल्या शाळांत धाडली, आणि वर्षभरातच येलच्या नव्या वर्गात सरकारी शाळांची मुलं लक्षणीय वाढली. पैशाची ऐपत न बघता प्रवेश द्यायचं धोरणही तेव्हाचंच. माजी विद्यार्थी खवळले, देणग्या बंद करायच्या धमक्या आल्या. गंमत अशी की हेच क्लार्क पुढे न्यूयॉर्कमधल्या होरेस मान या खासगी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

श्रेणी देणारे अधिकारी गेले, पण शाळांनी हार मानली नाही. मुख्याध्यापकांच्या जागी कॉलेज कौन्सेलर हा पगारी जाणकार आला. कॅरोलिन पर्सेल आणि पीटर कुकसन या अभ्यासकांनी १९८५ साली नामवंत निवासी शाळांच्या या खात्याचा अभ्यास मांडला. त्यांना तिथे सल्ल्याइतकीच घासाघीस आढळली. कौन्सेलर आणि विद्यापीठाचा अधिकारी एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत, आणि कोणता मुलगा कुठे शोभेल याची बोलणी फोनवर होत. ही बोलणी टिकायची तर एक अट होती. कौन्सेलरने खोटं बोलायचं नाही. एका वर्षी भुक्कड मुलाला हिरा म्हटलं तर पुढच्या वर्षी खऱ्या हिऱ्यालाही कोणी विचारणार नाही.

आजचं काम बघू. अमेरिकेतल्या शाळांत २०२२-२३ मध्ये सरासरी ३८५ विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक होता. तोच वेळापत्रक लावतो, भांडणं मिटवतो, रडणाऱ्या मुलांना समजावतो आणि उरलेल्या वेळात कॉलेजचं बघतो. श्रीमंत निवासी शाळेत फक्त कॉलेजप्रवेश बघणारी माणसं वेगळी असतात आणि प्रत्येकाकडे काही डझन मुलं. त्यांच्यातली कित्येक स्वतः पूर्वी विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयात बसलेली असतात. अशा शाळेत राहून शिकायचा वर्षाचा खर्च सत्तर हजार डॉलरच्या आसपास जातो. पालक तो भरतात तेव्हा त्यात हेही धरलेलं असतं, कोणी तसं बोलून दाखवलं नाही तरी.

अकरावीच्या हिवाळ्यात पहिली बैठक होते. पालकांकडून मुलाविषयी लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. मग कॉलेजांची यादी तयार होते, तिच्यात हाताला न लागणारी, जमण्याजोगी आणि बहुतेक नक्की अशा तिन्ही तऱ्हा असाव्या लागतात. यादीवरून घरोघरी रणकंदन होतं. १ नोव्हेंबरच्या सुमारास लवकरचे अर्ज जातात. त्यातल्या ‘अर्ली डिसिजन’ प्रकारात प्रवेश मिळाला तर तिथे जावंच लागतं, म्हणून ही एकच गोळी कुठे झाडायची यावर आठवडे जातात. अर्जात दहा उपक्रम आणि साडेसहाशे शब्दांचा निबंध. निबंधाबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. माझ्या मते त्याहून जास्त काम दोन दुर्लक्षित कागद करतात.

पहिला कागद शाळेची ओळख करून देणारा. अँडोव्हरमध्ये गुण सहापैकी असतात, एक्सेटरमध्ये अकरापैकी. वर्गात पहिला कोण हे अशा शाळा सहसा सांगतच नाहीत. मग अँडोव्हरच्या पाचाचा अर्थ काय लावायचा? तो या कागदात असतो. आणि विद्यापीठाचा अधिकारी या शाळांचे अर्ज दरवर्षी वाचत असल्याने त्याला तो पाठही असतो. जळगावच्या किंवा नेब्रास्कातल्या एखाद्या शाळेच्या नव्वद टक्क्यांना हे भाग्य नाही.

दुसरा कागद कौन्सेलरचं पत्र. हार्वर्डविरुद्धचा वंशाधारित प्रवेशाचा खटला २०१८ मध्ये सुनावणीला आला तेव्हा प्रवेशाच्या फायली कोर्टात आल्या. प्रत्येक अर्जाला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांचे आकडे मिळतात हे सर्वांना दिसलं. शिक्षकांच्या आणि कौन्सेलरच्या पत्रांनाही स्वतंत्र आकडे मिळतात, याची चर्चा मात्र कमी झाली. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी बारा बड्या विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचतात. त्यांनी कारणं तीन दाखवली, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरचे आकडे. हे शेवटचे आकडे खासगी शाळांच्या मुलांचे वर जातात, आणि त्यामागे शाळेतून आलेल्या पत्रांचा मोठा हात आहे.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती पालकांना आवडत नाही. थॉमस एस्पेनशेड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की हुशार मुलांनी गच्च भरलेल्या शाळेत शिकणं एकेका मुलाला प्रवेशात मारक ठरू शकतं. इतरत्र जी मुलगी शाळेचा अभिमान ठरली असती ती इथे वर्गातली विसावी असते. एकाच वसतिगृहातल्या तिघींनी प्रिन्स्टनला अर्ज केले तर त्या एकमेकींशीच लढत असतात आणि त्यांची पत्रं लिहिणारा माणूस एकच असतो. तिघींना सर्वोत्तम म्हणायची सोय त्याला नाही. म्हणून यादी करतानाच तो एकीला हळूच दुसरीकडे वळवतो. याला सल्ला म्हणायचं की वाटणी, ते कोणत्या मुलीच्या घरी विचारता यावर आहे.

कौन्सेलरची नकार देण्याची ही ताकद गेली की काय उरतं, ते मार्च २०१९ मध्ये दिसलं. रिक सिंगर नावाचा खासगी सल्लागार पैसे घेऊन परीक्षेत लबाडी करवत होता आणि खेळ न खेळणाऱ्या मुलांना कोचमार्फत खेळाडू म्हणून आत घुसवत होता. हार्वर्डच्या फायलींवरून अर्थतज्ज्ञांनी काढलेला हिशेब असा, की तिथे भरतीच्या यादीतल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के आत जात, आणि इतर अर्जदारांना शंभरात जेमतेम पाच-सहा जागा. सिंगरने नेमकी हीच खिडकी हेरली. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली. या प्रकरणातला मला सर्वांत लक्षणीय वाटलेला तपशील मथळ्यांत फारसा आला नाही. लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेच्या कौन्सेलरला शंका आली होती. आपल्या शाळेतली ही मुलगी वल्हं मारते हे त्याने कधी ऐकलं नव्हतं आणि त्याने विद्यापीठाला तसं सांगितलं. मुलीचे वडील शाळेत भांडायला आले. सिंगरला पैसे देणाऱ्यांना पत्र हवं होतं, पण ‘नाही’ म्हणू शकणारा लेखक नको होता.

एवढं वाचून ही सगळी व्यवस्था श्रीमंतांची सोय आहे असं कोणी म्हणेल. बरीचशी आहेच. तरी डेव्हल पॅट्रिक यांचं उदाहरण बघावं. शिकागोच्या दक्षिण भागात गरिबीत वाढलेला हा मुलगा १९७० मध्ये ‘अ बेटर चान्स’ या संस्थेमार्फत मिल्टन अ‍ॅकॅडमी या निवासी शाळेत गेला, तिथून हार्वर्डला आणि पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. अँथनी जॅक यांच्या २०१९ च्या पुस्तकानुसार बड्या कॉलेजांतल्या गरीब कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे अशा खासगी शाळांतूनच आलेले असतात. आत गेल्यावर प्राध्यापकाच्या खोलीचं दार वाजवायला ते बिचकत नाहीत. सरकारी शाळेतून थेट आलेली तितकीच गरीब मुलं बिचकतात. खासगी शाळेने पहिल्यांना पत्र दिलं, आणि चार वर्षं मोठ्या माणसांशी बरोबरीने बोलायची सवयही दिली.

आपल्याकडे याचं एक रूप पुण्याजवळ आहे. मुळशी तालुक्यात खुबवलीच्या डोंगरावर युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा १९९७ पासून आहे. अनेक देशांतली सोळा ते एकोणीस वयाची मुलं तिथे दोन वर्षं राहून आयबी अभ्यासक्रम करतात. शेल्बी डेव्हिस या गुंतवणूकदाराने २००० साली ठरवलं, की या साखळीतल्या कॉलेजांतून येणाऱ्या गरजू मुलांसाठी अमेरिकी विद्यापीठांना पैसे द्यायचे. सुरुवात प्रिन्स्टन, मिडलबरी, कोल्बी, वेलस्ली आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक या पाचांपासून झाली. हे महत्त्वाचं का, ते भारतीय पालकांना उशिरा कळतं. परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती न बघता निवड करणारी विद्यापीठं अमेरिकेत मोजकीच आहेत. बाकी ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. ज्याच्यामागे पैसा आधीच बांधलेला आहे त्याचा अर्ज वेगळ्या हाताने उचलला जातो.

बाकी महाराष्ट्राला ही पत्रसंस्कृती परकी आहे. आयआयटीच्या प्रवेशात पत्राला जागा नाही, जेईईतली रँक बोलते. तिच्या क्रौर्याबद्दल लिहायला दुसरा लेख लागेल, पण तिला शाळेच्या आवारात राहणारा मास्तर लागत नाही. आणि जिथे पत्र लागतं तिथे आपण काय करतो हे परदेशी अर्ज भरलेल्या बहुतेकांना माहीत आहे. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. सर वाईट नसतात. त्यांच्या वर्गात सत्तर मुलं असतात आणि पत्र लिहिणं हे काम आहे असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. असं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं, कारण त्यात विशेषणं असतात आणि प्रसंग नसतो.

चांगल्या पत्रात प्रसंग असतो, असं जाणकार सांगतात. ज्याच्याविषयी ते लिहिलं जातं त्याला मात्र ते सहसा बघायला मिळत नाही. १९७४ च्या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली फाइल बघायचा हक्क दिला, पण अर्ज भरतानाच पत्रांपुरता तो सोडून द्यावा असा सल्ला बहुतेक कौन्सेलर देतात. २०१५ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी हा कायदा वापरून बाकीची फाइल कशी मागवायची ते जाहीर केलं. अर्जांचा पाऊस पडला. मुलांना वाचकांचे शेरे आणि आकडे दिसू लागले. त्याच वर्षी येलच्या विधी महाविद्यालयासह काही ठिकाणी प्रवेश झाल्यावर हे शेरे नष्ट करायचं ठरलं.