विजेची जुनी मोटार

जुनी मोटार घेतांना जाणते लोक इंजिनाचा आवाज ऐकत. विजेच्या मोटारीस इंजिनच नाहीं. तिचें आयुष्य बॅटरींत असतें. २०२० सालीं विक्रीस आलेल्या टाटांच्या नेक्सॉन मोटारीच्या बॅटरींत नवेपणीं ३०.२ युनिट वीज मावे. ही शक्ति वर्षागणिक घटते, व उष्णतेनें अधिक त्वरेनें घटते. सोलापुरीं उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून मोटार सावलींत ठेवावी, बॅटरी पूर्ण भरून उन्हांत सोडूं नये. गांवांतील फेऱ्यांस ती पुरते. पुणें मात्र सुमारें २५० किलोमीटर, वाटेंत वीज भरावीच लागते. कुटुंबाची शिल्लक खर्चण्यापूर्वीं पूर्ण भरलेली बॅटरी किती धांवते, हें स्वतः पाहावें. रंग नवा देतां येतो. गेलेली शक्ति परत येत नाहीं.