उकिरड्यावरचा चोथा

गाळणी कट्ट्यावर ठोकल्याचा आवाज आला की परसातल्या कोंबड्या पंख फडफडवत धावत सुटतात. वरवे बुद्रुकसारख्या पुणे-सातारा महामार्गालगतच्या गावात घरच्या चोथ्यात चहाच्या टपऱ्यांच्या चोथ्याची भर. ‘कोंबडीला तो गोड लागतो,’ असं आपण म्हणतो. पण तिला गोडाची चव कळतच नाही. ती भुलते दाण्याला. बारीक, गोल चहा पावडर दिसते थेट कारळ्यासारखी. त्यात साखरेला मुंग्या लागल्या असतील तर मग विचारूच नका.

‘उकळून सगळा अर्क उतरला, आता चोथ्यात काय राहिलंय?’ कोंबडीला बाधणारं कॅफीन बरंचसं पाण्यात उतरतं हे खरं, पण थोडं मागे राहतंच, आणि टपरीचा ढीग काही चिमूटभर नसतो. कोरड्या पावडरीत तर वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. अरेबिका कॉफीच्या बियांत त्याहून कमी, सव्वा टक्क्याच्या आसपास. तेव्हा ‘कॉफी वाईट, चहा चालतो’ हेही खोटं.

चोथ्यात चार चोची मारल्या म्हणून कोंबडी लगेच आडवी होत नाही. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण हिशोब वजनाचा आहे. गावरान कोंबडी दीड किलोची, माणूस साठ किलोंचा. सांडलेली चमचाभर कोरडी पावडर तिने टिपली, तर ते आपण एका बैठकीत चाळीस चमचे खाल्ल्यासारखं. पिल्लाचं तर बोलायलाच नको. ठोके वाढतात, चुकायला लागतात. धाप, थरथर, मग झटके. कुत्र्यासारखी ओकून ती मोकळी होत नाही आणि कॅफीनवर नेमका उतारा नाही. वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे न्यायचं. चॉकलेटचंही तसंच, त्यातलं थिओब्रोमीन कॅफीनचंच भावंड.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे मरगळलेल्या कोंबडीला कोरा चहा पाजला की ती तरतरीत होते. मान टाकलेल्या कोंबडीला मानमोडी रोग झालेला असू शकतो. त्याचा विषाणू चहाला जुमानत नाही. तो रोखायला पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा लस द्यावी लागते. चहाने फक्त आधीच थकलेल्या हृदयावर ताण पडतो.

चोथा गुलाबाला जरूर घाला, पण खड्डा करून, वर पाटीभर माती ओढून. नुसता पसरलात तर कोंबडी पायाने उकरणारच.