आयुष्यभर न निघणारा भाडेकरू: ईबीव्ही व्हायरस

आजचा विषय आहे ईबीव्ही, म्हणजे एपस्टाईन-बार व्हायरस. हर्पीसच्या कुटुंबातला हा व्हायरस जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात आहे. म्हणजे बहुतेक तुमच्याही आणि माझ्याही! तो लाळेतून पसरतो आणि लहानपणी आला तर बऱ्याचदा कळतही नाही.

१९६४ मध्ये एपस्टाईन, अचाँग आणि बार या तिघांनी तो युगांडातून आलेल्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींमध्ये पाहिला. माणसात कॅन्सरशी संबंध सापडलेला हा पहिला व्हायरस.

मग इम्युनिटी त्याला हाकलत का नाही?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे पकडायला सगळ्यात कठीण प्रोग्रॅम कोणता, तर जो गुपचूप बसतो आणि लॉगमध्ये काहीच लिहीत नाही. ईबीव्ही तेच करतो.

तो बी पेशींत शिरतो. या पेशींना वाढायला एरवी टी पेशींचा सिग्नल लागतो. ईबीव्हीचं एलएमपी-१ नावाचं प्रोटीन तोच सिग्नल खोटा देतं, तोही सतत. पुढे तो मेमरी बी पेशींत मुक्काम ठोकतो आणि आपले जवळपास सगळे जीन्स बंद करतो. प्रोटीनच बनत नाही, तर टी पेशी ओळखणार कशावरून? पेशीचे दोन भाग होताना ईबीएनए-१ हे प्रोटीन व्हायरसचा डीएनए आपल्या क्रोमोसोमला अडकवून ठेवतं. त्यामुळे दोन्ही पेशींत व्हायरस पोचतो. आणि या प्रोटीनची रचनाच अशी, की त्याचे तुकडे टी पेशींना फार कमी दिसतात.

मग सगळ्यांना कॅन्सर का होत नाही? कारण व्हायरसवाल्या पेशी वाढायला लागल्या, की टी पेशी त्यांना मारतात. हा पहारा ढिला पडला की धोका. अवयव बदललेल्या पेशंटना इम्युनिटी दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि त्यातल्या काहींना ईबीव्हीमुळे लिम्फोमा होतो. काही वेळा ती औषधं कमी केली तरी गाठ आटते. पण मग नवा अवयवच शरीर नाकारू शकतं. म्हणून हा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, आपण नाही.

लपलेल्या व्हायरसवर असायक्लोव्हिरसारखी औषधं चालत नाहीत, कारण ती फक्त प्रती काढणाऱ्या व्हायरसला अडवतात. मंजूर झालेली लसही अजून नाही.

आणि हो, कधी रिपोर्टमध्ये ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं तर रात्रभर गुगल करत बसू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की भाडेकरू आत आहे आणि वॉचमन जागा आहे. भेटू पुढच्या भागात!