पाणी ओसरल्यानंतरचे तीस दिवस

गोदावरीला पूर किती आला, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात. रामकुंडाजवळच्या या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, गुडघ्यापर्यंत आले, कमरेच्या वर चढले, अशी खबर तासातासाला शहरभर फिरते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर जुन्या नाशिककरांच्या लक्षात आहेत, तेही याच मापाने. मूर्ती पुन्हा मोकळी झाली की पूर संपला असे आपण समजतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र पुराचा दुसरा टप्पा तेव्हाच सुरू होतो आणि तो साधारण महिनाभर चालतो. या महिन्यात घरातले कोण आजारी पडणार, हे बऱ्याच अंशी पूर येण्याआधी त्या घराने काय केले होते यावर ठरते.

पाणी दोन वाटांनी येते

पहिली वाट नदीची. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांत जोरदार पाऊस झाला की गंगापूर धरण भरते आणि विसर्ग सुरू होतो. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे करण्यासारखे आहे. या पाण्याची निदान आगाऊ सूचना मिळते.

दुसरी वाट नाल्यांची. नासर्डी, वाघाडी या उपनद्या आणि सराफ बाजार-दहीपूल भागाखालून जाणारा सरस्वती नाला यांना दरवाजे नाहीत. शहरात दोन तास धो धो कोसळला की हे पाणी थेट रस्त्यावर आणि तिथून तळमजल्यात येते. नदी शांत असतानाही घरात पाणी शिरू शकते, ते यामुळेच.

असा पाऊस वाढतो आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. ‘आमच्या गल्लीत कधी पाणी आले नाही’ हा अनुभव त्यामुळे पुरेसा आधार राहिलेला नाही.

घर घेताना आणि घर राखताना

नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. यातला ‘एकदा’ फसवा आहे. शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षे त्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. घर किंवा प्लॉट घेताना नगररचना विभागात ही रेषा तपासावी आणि शेजारच्या जुन्या रहिवाशांना ‘कोणत्या साली पाणी कुठपर्यंत आले होते’ हे जरूर विचारावे.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचा धोका वेगळा आहे. माती-विटांच्या भिंती पाणी शोषून जड आणि कच्च्या होतात. पाऊस थांबल्यावरही त्या ढासळू शकतात. भिंतीला नवी भेग दिसली, भिंत फुगली किंवा दार अचानक अडकू लागले तर त्या खोलीत झोपू नये.

नव्या सोसायट्यांत अडचण तळमजल्यावर असते. विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी, सगळे पार्किंगमध्ये. मीटर आणि स्विच वर घेणे, भूमिगत टाकीचे झाकण जमिनीपेक्षा उंच आणि घट्ट करणे, ड्रेनेजचे पाणी उलटे घरात येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे, ही कामे मे महिन्यात होऊ शकतात. ऑगस्टमध्ये नाही.

पैशाची तयारीही आरोग्याशी जोडलेली आहे. भिजलेली गादी टाकून देणे परवडत नाही म्हणून लोक तिच्यावरच झोपतात आणि घरातल्या दमेकऱ्याला बुरशीचा त्रास होतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित गृहविमा पॉलिसी देणे बंधनकारक आहे आणि तिच्यात पुराचे नुकसान समाविष्ट आहे. घरातल्या वस्तूंचे फोटो आधीच काढून ठेवले तर दाव्याला आणि तलाठ्यांच्या पंचनाम्यालाही उपयोग होतो.

इशारा मिळाल्यावर

कागदपत्रांची पिशवी बहुतेक घरांत तयार असते, औषधांची नसते. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, दमा, हृदयविकार यांची किमान दोन आठवड्यांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. वीज गेली तर इन्सुलिन पाणी शिंपडलेल्या मडक्यात, पण पाण्यात न बुडवता ठेवता येते. दिवस भरत आलेली गर्भवती, डायलिसिसचा रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ यांना पाणी चढण्याची वाट न पाहता आधी हलवावे. रस्ता बंद झाल्यावर रुग्णवाहिकाही पोचत नाही.

घर सोडताना मुख्य स्विच बंद करावा, पण पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. वाहते पाणी जेमतेम वीतभर असले तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. त्यामुळे ‘गुडघाभरच तर आहे’ म्हणून पूल ओलांडू नये.

चिखल काढताना

पुराचे पाणी म्हणजे नदी, गटार आणि गोठा यांचे मिश्रण. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून आलेले लेप्टोस्पायरा जंतू त्यात असतात आणि ते पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात जातात. गमबूट आणि हातमोजे घालूनच साफसफाई करावी. गाळात, सरपणात, फडताळामागे साप असू शकतो. हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. साप चावला तर दोरी बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, हे विचारावे.

आधी गाळ काढून फरशी धुवावी, मग जंतुनाशक वापरावे. चिखलावर टाकलेली ब्लीचिंग पावडर वाया जाते. फरशीसाठी एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती अ‍ॅसिडमध्ये किंवा संडास धुण्याच्या द्रवात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

भूमिगत टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, नव्याने भरावी. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला दर हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते आणि ते तासभर थांबून वापरावे. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून ते गाळून घ्यावे. पिण्याचे पाणी उकळलेले असले की उत्तम. बुडालेला वॉटर प्युरिफायर फिल्टर बदलल्याशिवाय आणि भिजलेल्या गोळ्या मुळीच वापरू नयेत.

आजारांचे वेळापत्रक

पहिले दोन-तीन दिवस बुडणे, विजेचा धक्का, जखमा आणि सर्पदंश यांचे. पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्या सुरू होतात. एक लिटर पाण्यात ओआरएसचे पूर्ण पाकीट घालून ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली तर घरी थांबू नये.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लेप्टोचे रुग्ण येऊ लागतात. अचानक ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, लाल डोळे ही त्याची लक्षणे. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर तो आजार गंभीर झाला असे समजावे. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. चिखलात काम केलेल्यांना डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्राही देतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. गर्भवती आणि लहान मुलांना ती चालत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून डेंग्यू. पूर ओसरल्यावर डबक्यांत, टायरांत, कुंड्यांत साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डास चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. टायफॉइड आणि दूषित पाण्याची कावीळही याच सुमारास किंवा त्यानंतर दिसते. तोवर वर्तमानपत्रांतली पुराची बातमी मागे पडलेली असते आणि आलेला ताप पुराशी जोडला जात नाही.

म्हणून पुरानंतरच्या महिनाभरात घरात कोणालाही ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नये. जवळच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात जावे आणि आत जाताच पहिले वाक्य हेच सांगावे : ‘आमच्या घरात पाणी शिरले होते, मी चिखल उपसला आहे.’ निदानाची दिशा या वाक्याने बदलते. लेप्टोमध्ये उपचारांचे एक-दोन दिवसही मोलाचे असतात.

रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मोबाइलमध्ये आणि घराच्या भिंतीवरही लिहून ठेवावेत. पुरात मोबाइलची बॅटरी सगळ्यात आधी संपते.