छंद, पदवी आणि हप्ता

बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींना ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मात्र ‘तुला मनापासून काय आवडते?’ आणि ‘त्याचा खर्च कसा भागवायचा?’ हे दोन प्रश्न एकत्र क्वचितच विचारले जातात. पहिल्याचे उत्तर मुलांच्या मनात राहते, दुसऱ्याची चिंता पालकांच्या मनात. या दोहोंची गाठ पडते ती बहुधा बँकेच्या टेबलावर, आणि तोपर्यंत प्रवेश घेऊन झालेला असतो. ही गाठ वर्षभर आधी पडावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

काशीतील एक संध्याकाळ

वाराणसीत नेमणूक झाल्यावर येथील जुन्या मराठी वस्तीची ओळख झाली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांचा गणेशोत्सव गायन-वादनाच्या कार्यक्रमांनी रंगतो. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमानंतर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता बारावीतील तिघांच्या गप्पा कानावर पडल्या. त्यांतील मुलीला आकाशनिरीक्षणाचा छंद. तिला भौतिकशास्त्रात पदवी घ्यायची होती. दुसरा मुलगा बुद्धिबळ खेळणारा. त्याचा बेत वाणिज्य शाखेचा होता. ‘बुद्धिबळ आयुष्यभर खेळणार, पण पोटासाठी नाही,’ असे त्याने स्वच्छ सांगून टाकले.

तिसरा मुलगा त्या दिवशी तबल्याच्या साथीला बसला होता. तो गप्पच होता. मैत्रिणीने छेडल्यावर म्हणाला, ‘बाबा इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढणार आहेत. मला तबल्यातच पदवी घ्यायची आहे. अजून घरी बोललो नाही.’

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला यातला ‘कर्ज’ हा शब्द आधी ऐकू येतो. मात्र त्या वाक्यातील खरी अडचण कर्जाची नव्हती, न बोलण्याची होती.

नारळीकरांच्या घरातील फळा

छंदातून विद्याशाखा कशी निवडली जाते, याचे एक सुंदर उदाहरण याच नगरीत घडले आहे. रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ साली पं. मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून काशी हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे चिरंजीव जयंत याच विद्यापीठाच्या परिसरात वाढले. घरी मुलांसाठी भिंतीवर फळे करून घेतलेले होते. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर जयंतसाठी गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, फळा पुसला जात नसे. शालेय अभ्यासक्रमाशी या कोड्यांचा संबंध नव्हता. तो निव्वळ छंद होता.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९५७ साली काशी हिंदू विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी, त्यानंतर केंब्रिज, १९६३ साली फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट, १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन आणि १९८८ साली पुण्यात आयुका संस्थेची स्थापना. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर आपल्यातून गेले.

या चरित्रातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, केंब्रिजला जाताना त्यांना जे. एन. टाटा निधीचे साहाय्य लाभले होते. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापन केलेला हा निधी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतो. शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने ती परत करावी आणि त्या पैशांतून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, ही त्यामागील कल्पना. आजच्या शैक्षणिक कर्जामागील विचार याहून वेगळा नाही.

दुसरी गोष्ट अशी, की नारळीकरांचा दुसरा छंद लेखनाचा होता. तो त्यांनी कधी उपजीविकेचा मार्ग केला नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मराठीला एक विज्ञानकथाकार लाभला. म्हणजे एकाच माणसाचा एक छंद व्यवसाय झाला आणि दुसरा छंदच राहून फळला.

छंदाचे तीन मार्ग

छंद आणि पदवी यांचा मेळ तीन प्रकारे घालता येतो.

पहिला मार्ग म्हणजे छंदालाच मुख्य विषय करणे. संगीताच्या बाबतीत काशी हिंदू विद्यापीठाची परंपरा मोठी आहे. १९५० च्या सुमारास येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पं. ओंकारनाथ ठाकूर त्याचे पहिले प्रमुख होते. पुढे प्रा. बी. आर. देवधर यांनीही ते पद भूषविले. हे दोघेही कुरुंदवाडच्या पं. विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांनी तर येथे प्रदीर्घ काळ अध्यापन केले. आज विद्यापीठाच्या मंचकला विभागात गायन, वादन आणि नृत्य यांची पदवी घेता येते. या मार्गात प्रवेशापूर्वीच हाताची तयारी लागते, आणि पदवीनंतर अध्यापन, कार्यक्रम, साथसंगत अशा अनेक ठिकाणांहून मिळणाऱ्या उत्पन्नाची बेरीज करावी लागते. ते उत्पन्न दरमहा सारखे नसते, हे आधी मान्य केलेले बरे.

दुसरा मार्ग म्हणजे छंदाला दुय्यम विषयाचे स्थान देणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतील विषय घेण्याची वाट मोकळी झाली आहे. मात्र प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक जोडी मिळतेच असे नाही. म्हणून माहितीपुस्तिका वाचताना मुख्य विषयाइतकेच लक्ष दुय्यम विषयांच्या यादीकडेही द्यावे.

तिसरा मार्ग म्हणजे छंद हा छंदच ठेवणे. पदवी वेगळ्या शाखेत घ्यावी आणि छंदाचे शिक्षण स्वतंत्रपणे चालू ठेवावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद-अलंकारसारख्या परीक्षा देत हजारो विद्यार्थी हेच करीत आले आहेत. हा मार्ग कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या त्या मुलाने तो विचारपूर्वक निवडला होता.

हिशेब कसा मांडावा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये कर्ज घेतले. सोयीसाठी व्याजदर १० टक्के धरू. प्रत्यक्षात तो बँकेनुसार वेगळा असतो आणि कालांतराने बदलतो. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. मात्र व्याजाचे घड्याळ थांबत नाही. या काळात सरळव्याज आकारले जाते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,००० रुपये, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,००० असे एकूण १,४०,००० रुपये व्याज साचते. परतफेड सुरू होते तेव्हा देणे चार लाखांचे नसून ५,४०,००० रुपयांचे असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ७,१३६ रुपये येतो आणि दहा वर्षांत सुमारे ८,५६,००० रुपये भरले जातात.

आता दुसरी बाजू पाहू. शिक्षण चालू असतानाच कुटुंबाने व्याज भरत राहिले, तर पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३३ रुपये आणि चौथ्या वर्षापासून सुमारे ३,३३३ रुपये भरावे लागतात. परतफेड सुरू होताना देणे चार लाखच राहते, हप्ता सुमारे ५,२८६ रुपयांवर येतो, आणि आधी भरलेले व्याज धरूनही एकूण सुमारे ८२,००० रुपये वाचतात. ज्या कलावंताचे उत्पन्न सुरुवातीला अनियमित असणार आहे, त्याला हप्त्यातील हा महिना अठराशे रुपयांचा फरक मोठा दिलासा देणारा ठरतो.

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, तर खाते अनुत्पादक ठरते. त्याचा डाग विद्यार्थ्याच्या आणि सहकर्जदार असलेल्या पालकांच्याही पतनोंदीवर पडतो. चार वर्षांनंतर मुलाला गृहकर्ज हवे असेल किंवा वडिलांना दुकानासाठी भांडवल हवे असेल, तेव्हा ही नोंद समोर येते.

कर्ज कशाला मिळते?

शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी मिळते. शिक्षण व परीक्षा शुल्क, वसतिगृह, पुस्तके यांबरोबरच अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेली साधने आणि उपकरणे यांचाही त्यात समावेश होऊ शकतो. संगीताची पदवी घेणाऱ्याला वाद्य आवश्यक असल्याचे संस्थेने लिहून दिले, तर त्याचा खर्च विचारात घेता येतो. वाणिज्य शाखेत शिकता शिकता हौसेने घेतलेल्या वाद्याचा मात्र नाही. गुरुजींकडील खासगी शिकवणीही या कर्जात बसत नाही.

केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली. देशातील निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना या योजनेत तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के पतहमी असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी ३ टक्के व्याज-सवलतीची तरतूद आहे. मात्र लाभार्थींची वार्षिक संख्या मर्यादित आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातील पूर्ण व्याज माफ होण्याची योजनाही आहे. आपला अभ्यासक्रम यांत बसतो का, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शाखेत येण्यापूर्वी

पालक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, पसंतीचे किमान दोन अभ्यासक्रम आणि त्यांचा संपूर्ण खर्च. दुसरी, घरातून उभी राहणारी रक्कम. तिसरी, उरलेल्या कर्जाचा संभाव्य हप्ता. आणि चौथी, पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न कोठून येईल याचा प्रामाणिक अंदाज. चौथी ओळ विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावी.

माझ्या सहकारी बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. शैक्षणिक कर्जाची छाननी करताना विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाकडे पाहणे अपेक्षित असते. ते पाहताना विद्यार्थ्याचा कल विचारावा. अर्जातील अभ्यासक्रम ‘संगीत’ आहे म्हणून परतफेड अवघड आणि ‘अभियांत्रिकी’ आहे म्हणून सोपी, असा ठोकताळा बांधू नये. मन न लागल्याने अर्धवट सोडलेल्या पदवीचे कर्जही फेडावेच लागते.

तबला वाजवणारा तो मुलगा दिवाळीनंतर वडिलांना घेऊन शाखेत आला. घरी बोलणे झाले होते, पण समेट झाला नव्हता. वडिलांनी विचारले, ‘साहेब, खरे सांगा, तबल्यातून हप्ता फिटेल का?’ मी म्हणालो, ‘काका, याची हमी मला देता येणार नाही. पण अभियांत्रिकीतून फिटेलच, याचीही देता येणार नाही.’ मग आम्ही दोन्ही अभ्यासक्रमांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. खासगी महाविद्यालयातील अभियांत्रिकीचा हप्ता आणि घरी राहून येथील विद्यापीठात शिकण्याचा खर्च यांतील तफावत कागदावर उतरली, तेव्हा वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. चौथी ओळ मुलाने आधीच लिहून आणली होती. शिकवण्या, साथसंगत आणि पुढे अध्यापनाची पात्रता परीक्षा. आकडे लहान होते, पण खोटे नव्हते.

वडिलांनी त्या दिवशी होकार दिला नाही. ‘प्रवेश परीक्षेचा अर्ज दोन्हीकडे भरू दे,’ एवढेच म्हणाले. जाताना तो कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा न बोललेला बेत असेल. महाविद्यालयाची यादी हाती घेण्यापूर्वी तो ऐकून घ्यावा. आकडेमोडीसाठी आमची शाखा आहेच.