नांगर उचलण्यापूर्वीं

फलटणच्या विद्यार्थ्यांस शिडाच्या नौकेविषयीं कांहीं सांगूं लागलें, तर कित्येकांस हंसूं येईल. आपली बाणगंगा उन्हाळ्यांत पायीं ओलांडतां येते, आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे राहिला! परंतु एकट्या भारतीयानें भारतांत बांधलेल्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास ज्यांनीं घेतला, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर आपल्याच तालुक्यांतील विंचुर्णी गांवीं राहत असत. १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविणाऱ्या या नाविकाचें ता. ३ नोव्हेंबर २०१८ रोजीं निधन झालें. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नव्हे.

त्यांच्या प्रेरणेनें गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची नौका तयार झाली. ता. १९ ऑगस्ट २००९ रोजीं कमांडर दिलीप दोंदे तींतून मुंबईहून एकटे निघाले, व फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाउन या चार बंदरीं थांबून ता. १९ मे २०१० रोजीं परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून कोठेंही न थांबतां हा प्रवास केला. पुढें २०१७-१८ सालीं ‘तारिणी’ नौकेंतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी, व २०२४-२५ सालीं दोघीच, जगाला वळसा घालून आल्या.

अशा नौकेवरील संसार कसा असतो? एका लहानशा खोलींत स्वयंपाक, निजणें व नकाशे पाहणें हें सर्व चालतें. नौका एका बाजूस कलली तरी भांडें सांडूं नये म्हणून शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. प्रत्येक वस्तु बांधून ठेवावी लागते; सुटी राहिलेली कढई वादळांत तोफेच्या गोळ्यासारखी अंगावर येते. गोडें पाणी तर मोजूनमापून वापरावयाचें. उन्हाळ्यांत घागरी मोजून घर चालविणाऱ्या आपल्या माताभगिनींस ही काटकसर कोणीं शिकवावी लागणार नाहीं. एकटा नाविक रात्रभर निजूं शकत नाहीं. वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू फिरविणाऱ्या यंत्रावर भरंवसा ठेवून तो थोडथोड्या वेळाच्या डुलक्या घेतो.

परंतु खरी कसोटी समुद्रावर नव्हे, तर बंदरांत लागते. न्यूझीलंडमधील लिटल्टन सोडलें म्हणजे पोर्ट स्टॅन्लेपर्यंत पांच हजारांहून अधिक सागरी मैलांचें अंतर आहे. वाटेंत ना दुकान, ना लोहार, ना वैद्य. म्हणून निघण्यापूर्वीं नाविक डोलकाठीच्या टोंकापर्यंत चढून प्रत्येक खिळा व तार तपासतो. शिडांची उसवलेली शिवण पुन्हा घालतो, दोर जेथें घासतो तेथें पाहतो. सुकाणूचे सांधे, पाणी उपसण्याचे पंप, दिवे, औषधांची पेटी, सर्व कांहीं हातानें चाचपून पाहतो. जड सामान खालीं व मध्यभागीं ठेवतो, म्हणजे नौकेचा तोल सुटत नाहीं. कोणती वस्तु कोठें आहे याची यादी लिहितो, कारण अंधारांत शोधाशोध करण्यास सवड नसते.

दुसरा विचार ऋतूचा. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून मग ते पाण्यांत लोटतात. वेस्ट इंडीजच्या बेटांजवळ जून ते नोव्हेंबर हा चक्री वादळांचा काळ. तेथें नांगर टाकून राहिलेले प्रवासी त्यापूर्वींच सुरक्षित ठिकाण गांठण्याच्या तयारीस लागतात. दक्षिण अमेरिकेचें केप हॉर्न तर तिकडील उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्या हिंवाळ्यांत ओलांडणें श्रेयस्कर. उशीर करणारास समुद्र क्षमा करीत नाहीं. पण तयारीवांचून घाई करणारासही तो क्षमा करीत नाहीं. या दोहोंमधील योग्य दिवस ओळखणें हेंच नाविकाचें शहाणपण.

इतकें करूनही संकट येतेंच. ‘तारिणी’च्या सुकाणूंत परतीच्या वाटेवर बिघाड झाला, तेव्हां त्या अधिकाऱ्यांनीं हट्ट न धरितां मॉरिशसचें बंदर गांठलें, दुरुस्ती केली, आणि मगच ता. २१ मे २०१८ रोजीं गोव्यास आल्या. थांबणें हीही तयारीच होय.

शेवटीं तो दिवस उगवतो. वायुभारमापकाचा कांटा स्थिर असतो, वारा अनुकूल असतो. मोठें शीड चढतें, साखळी हळूहळू आंत येते, नौका नांगराच्या बरोबर वर येतांच तो चिखलांतून सुटतो. साखळीचा गाळ धुतला जातो, नाळ समुद्राकडे वळते. पाहणारास हा क्षण धैर्याचा वाटतो. आम्हांस मात्र वाटतें कीं, तें धैर्य आदल्या कित्येक दिवसांत, एकेक दोर तपासतांना, मुकाट्यानें सांठविलेलें असतें.

विद्यार्थी मित्रहो, शाळेचें बंदर तुम्हांसही एके दिवशीं सोडावयाचें आहे. आपले दोर आजच तपासून पाहा.